नाव घातलेल्या वड्या

आई गेली त्या वर्षी, म्हणजे नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, वडिलांनी पत्ते सोडले. दौंडात आमच्या ओट्यावर रोज दुपारी चौघांची रमी बसायची. गल्लीतले आबा, आप्पा, सगळेच मामा म्हणायचे ते मामा आणि वडील. पैसे नाहीत, चिंचोके लावायचे. आता तिघं ओट्यावर आणि वडील आत खाटेवर, भिंतीकडं तोंड करून. मेसच्या डब्यातली अर्धी पोळी खायचे, बाकी गायीला. माणूस डोळ्यांदेखत वाळत चालला होता. मला भीती वाटायची, खरंच सांगतो.

त्यात जहाजावर नोकरी करणाऱ्या मावसभावानं चोवीस वड्या आणून दिल्या. जुगाराच्या क्लबात पैशाऐवजी लावतात त्या. ॲक्रिलिकच्या, साबणाच्या वडीएवढ्या, लाल-निळ्या, वर आकडे. म्हटलं, चिंचोक्यांच्या जागी ह्या ठेवू, बघायला तरी वडील उठतील. पण पाच हजाराचा आकडा बघून आबाच घाबरले. "पोलीस आलं तर रं?"

मी कुरकुंभला केमिकल कंपनीत. कुठलाही डाग ॲसिटोननं जातो, ही आमची श्रद्धा. बाटलीभर आणलं आणि चार वड्या पुसल्या. आकडे गेले, पण वड्याही गेल्या की! दुधासारख्या पांढऱ्या पडल्या, चिरा गेल्या, माझा अंगठा त्यात कायमचा उमटला. आठ वर्षं सॉल्व्हंटात काढलेला माणूस मी, लाज वाटली. उरलेल्या वीस ओल्या पॉलिश पेपरनं घासल्या आणि टूथपेस्टनं चकाकवल्या.

मग भांड्यांच्या दुकानातून नाव घालायचं मशीन मागून आणलं. आमच्याकडं घराबाहेर जाणाऱ्या भांड्यावर नाव पाहिजेच. प्रत्येकाला पाच वड्या, वर मालकाचं नाव. घर्रर्र करत दोन दिवस कोरत बसलो. वडिलांच्या पाच कोऱ्या राहिल्या. "मला नगं तुझी खेळणी," म्हणाले.

इथंच घोळ झाला. पहिल्याच दिवशी मामांनी आप्पांच्या दोन वड्या जिंकल्या. घरी मामींनी कपाळाला हात लावला. "दुसऱ्याच्या नावाची वस्तू ठिवून घेता व्हय? आन् रिकामी कशी धाडू?" वाटीभर शेंगदाण्याचे लाडू, वर दोन वड्या, असं आप्पांच्या घरी पोचलं. दुसऱ्या दिवशी आप्पा मुद्दाम हरले. गुळाची पोळी आली. आठवडाभरात तिघंही हरायच्या मागं. लागलेला सिक्वेन्स फोडायचा, जोकर खाली टाकायचा आणि वर उसासा, "काय नशीब बघा!" जिंकणाऱ्याचं तोंड एवढंसं व्हायचं.

एक दिवस आतून वडील गरजले, "जोकर टाकला? आरं, रमी हाय का पंगत?"

आठ महिन्यांत पहिल्यांदा आवाज चढला होता. मला तर नाचावंसं वाटलं. ते बाहेर आले, उभ्या उभ्या तिघांना झापलं आणि स्वयंपाकघरातून आईची वाटी घेऊन आले. "माझ्या वड्यांवर ह्ये नाव घाल."

वाटीवर आईचं नाव होतं. भीत भीत विचारलं, "पुढचं 'सौ.' ठेवू?"

"मग? मी काय मेलो व्हय?"

ती पाच नावं वाकडी आली. मशीन हलत होतं, असं मी सांगितलं.

वडील खेळायला बसले, पण हरेनात. तत्त्वाचा माणूस! एका दुपारी तिघांच्या पंधराही वड्या जिंकल्या आणि मग परीक्षेला निघाल्यासारखा चेहरा करून स्वयंपाकघरात उभे. "रवा कशात असतो रं?" शिरा केला, करपवला, वड्यांसकट तीन घरी पोचवला. तो शिरा खाल्ल्यापासून तिघांनी मुद्दाम हरणं सोडलं, आणि रमी पुन्हा रमीसारखी झाली.

महिनाभरानं पहिली पाळी करून आलो तर डाव रंगात होता. वडिलांच्या मागं उभा राहिलो. हातात रमी लागलेली, फक्त दाखवायची. वडिलांनी सावकाश जोकर काढला आणि खाली टाकला.

"काय नशीब बघा," म्हणाले. आईच्या नावाची एक वडी मामांकडं गेली.

दिवेलागणीला वडील दारात येरझाऱ्या घालत होते. मामी आल्या. ताटात भरीत, बाजरीच्या भाकरी आणि कडेला ती वडी. "वहिनींची आणलीया."

वडिलांनी वडी उचलली. "आली बघ घरी," म्हणाले, मला की तिला कोण जाणे. दोन भाकरी खाल्ल्या. मग वडी धुतली, पुसली, मांडणीत आईच्या वाट्यांशेजारी पालथी ठेवली.

"उद्यापासनं मेस बंद कर," म्हणाले. "शिरा जमतोय आता मला."