फळ्यावरचे नव्वद

संपाला वर्ष उलटलं, तशी नवरा गिरणीत परत जाईल ही आशा मी सोडली. लोअर परळच्या एका गल्लीत शर्ट शिवायचं छोटं वर्कशॉप होतं, तिथे मशीनवर बसू लागले. आम्ही दहाबारा जणी, बहुतेकींचे नवरे संपातले. माझ्याकडे कॉलर शिवायचं काम होतं.

आधी दिवसाचा ठरलेला पगार मिळायचा. मग मालकाने नवा सुपरवायझर आणला. त्याने भिंतीवर फळा लावला. रोज साठ कॉलर व्हायलाच हव्यात, त्यावर गेलं की दर कॉलरमागे जादा पैसे.

शेजारच्या मशीनवरची बाई मालवणकडची, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. मला काम तिनेच शिकवलेलं. ती हळूच म्हणाली, "पासष्टाच्या वर जाव नको गो बाय. एकदा करून दाखयलंस की तोच आकडो रोजचो होतलो."

घरी सांगितलं, तर नवरा पडल्या पडल्या म्हणाला, "बरोबर बोलते ती. आम्ही दोन माग नीट चालवले, तर चार गळ्यात घातले."

सगळ्याजणी पासष्टवरच थांबायच्या. पण जून आला, मुलीची दहावीची पुस्तकं घ्यायची होती. आठवडाभर मी डबाही मशीनवरच खाल्ला. रोज नव्वद केल्या. शनिवारी पाकीट हातात आलं, तेव्हा शेजारणीकडे बघवेना.

सोमवारी फळ्यावरचे साठ पुसून तिथे नव्वद लिहिलेले.

"हिला जमतं, तर तुम्हाला का नाही?" सुपरवायझर म्हणाला. मी मान खाली घालून पुढची कॉलर मशीनखाली सरकवली.

पुढे नव्वद मलाही रोज जमेनात. घाईत टोकं वाकडी यायची, माल परत यायचा, उसवून फुकट पुन्हा शिवायचा. शेजारणीची नजर अधू, तिच्या सत्तरही होईनात. पगार कापायला लागले, तशी दोन महिन्यांत ती काम सोडून गेली. जाताना माझ्याशी बोलली नाही.

बऱ्याच वर्षांनी लालबागला मसाल्याच्या दुकानाबाहेर ती दिसली, मिरच्यांची देठं काढत बसलेली. माफी मागायला मी तोंड उघडलं, तर तिने हातानेच थांबवलं.

"माझो पोरगो तेव्हा तापान पडलेलो. मी पण पासष्टाच्या वर जावचा ठरवलेलंय. तू आधी केलंस, इतक्याच."

मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

"हय किलोवर पैशे देतत," असं म्हणत ती पुन्हा कामाला लागली. मी पिशवी बाजूला ठेवली आणि तिच्याजवळ बसून थोडी देठं काढली.