ग्लेनिस पॅजेटच्या कोडातला 'एम'

इंग्लंडमधल्या ग्रिम्सबीच्या मासळी-कारखान्यात ग्लेनिस पॅजेट बावीस वर्षं पगाराचं काम बघत होती, आणि चारशे माणसांच्या घरात काय शिजतंय ते तिला त्यांच्या शेजाऱ्यांच्याही आधी कळायचं. कर खातं प्रत्येकाला एक कोड देतं, पगारातून किती कर कापायचा ते सांगणारा. तो बदलला की समजावं, आयुष्यात काहीतरी हललंय. शीतगृहातल्या रॉयनं गुपचूप दुसरी नोकरी धरली, ते त्याच्या बायकोला कळायच्या आत ग्लेनिसला ठाऊक. पण बाई तोंडाची पक्की, बाहेर ब्र काढायची नाही. घरी मात्र नावं न घेता नवऱ्यापुढे मिरवायची, "मला कुणी काही सांगावं लागत नाही, क्लाइव्ह. मी कोड वाचते." क्लाइव्ह मान डोलवायचा आणि तिच्या कपात चहा ओतायचा.

मार्चमध्ये नव्या वर्षाच्या कोडांची यादी आली. मासे कापणारी टीना हातमोज्यांसकट खिडकीशी येऊन तणतणत होती.

"अगं ग्लेनिस, माझा कोड का गं कमी केलास? आता कर जास्त कापला जाणार! सुट्टीला जायचंय मला!"

"कोड मी नाही बदलत, बाई. खातं बदलतं. त्यांना फोन कर. आणि आधी आठव, काय करून बसलीयस ते. ज्याचं त्याला माहीत असतंच!" ग्लेनिस नेहमीच्या ठसक्यात म्हणाली आणि यादी खाली सरकवली. पुढचं नाव होतं पॅजेट, ग्लेनिस.

तिच्या कोडातलं शेवटचं अक्षर, 'एम', गेलं होतं. क्लाइव्हनं दोन वर्षांपूर्वी गोदीतली नोकरी सोडली. पेन्शन तुटपुंजी, त्यामुळे स्वतःच्या करमाफीतला थोडा वाटा त्यानं बायकोच्या नावावर केला होता. 'एम' म्हणजे तो वाटा. तो कशानं जातो, हे ग्लेनिस नव्या मुलींना बोटांवर मोजून शिकवायची: जोडीदार गेला, घटस्फोट झाला, नाहीतर ज्यानं दिला त्यानंच परत घेतला. क्लाइव्ह सकाळीच करपलेल्या टोस्टवरून कुरकुरला होता, म्हणजे जिवंत होता. घटस्फोट झाला असता तर निदान तिला आमंत्रण तरी आलं असतं!

जेवणाच्या सुट्टीत तिनं खात्याला फोन लावला. चाळीस मिनिटं तीच ती धून ऐकवल्यावर एक मुलगी गोड आवाजात म्हणाली, "दुसऱ्या व्यक्तीबद्दल आम्हाला सांगता येत नाही. तुम्ही मिस्टर पॅजेटना विचारून बघता का?"

विचारून बघता का! एकतीस वर्षांच्या संसारात या दोघांनी एकमेकांना 'चहा हवा का' यापलीकडे काही विचारलं असेल तर शपथ. बसमध्ये मग तिनं स्वतःची समजूत घातली. म्हाताऱ्यानं कुठेतरी काम धरलं असेल, कमाई वाढली म्हणून माफी स्वतःला लागली असेल. बिचारा! तिला त्याचं कौतुकसुद्धा वाटलं.

घरी सॉसेज आणि कुस्करलेले बटाटे तयार होते. क्लाइव्हनं इस्त्रीचा शर्ट घातला होता.

"काम लागलं का रे तुला?" तिनं कोटही न काढता विचारलं.

"नाही." त्यानं काटा खाली ठेवला. "यादी आली वाटतं. मेबलथॉर्पला समुद्रकाठी राहायला कॅरव्हॅन घेतलीय भाड्यानं. एकट्यासाठी. मला वाटलं, तू कोड वाचशील, मग मला बोलावं लागणार नाही."

तिला रडू फुटलं, आणि त्याहून जास्त संताप आला. "खात्याला सांगितलंस! चाळीस मिनिटं ती मेली धून ऐकून परक्यांना सांगितलंस, आणि मी इथे रोज तुझ्यासमोर जेवते, ते?"

"पंचावन्न मिनिटं," क्लाइव्ह म्हणाला. "फोनवरच्या पोरीनं विचारलं, 'बाकी सगळं ठीक आहे ना, मिस्टर पॅजेट?' अगं, मला काही बोलताच येईना. कुणी विचारलंच नव्हतं गं इतक्या वर्षांत."

ग्लेनिस कोट घालूनच खुर्चीवर बसली. काय विचारावं, ते तिला सुचेना.