बोरगावची बिनसावलीची दुपार

माझी फजिती ऐकायची असेल तर हातातला चहा आधी संपवा, कारण हसताना तो अंगावर सांडतो असा अनुभव आहे. आणि हसा खुशाल. माझी बायको अजून हसते आहे, तिथे तुम्हाला कोण अडवणार?

मी मधुकर. वर्ध्यात माझं भांड्यांचं दुकान आहे आणि राहायला आम्ही बोरगाव मेघेत. दुकानात बसून बसून मला एक खोड लागली, मत देण्याची. गिऱ्हाईक कुकर बघायला आलं की कुकरसोबत त्याला माझं मतही मिळतं, तेही फुकट. मोबाईलनं पोरं कशी बिघडली, चंद्रावर यान पाठवून आपल्या पदरात काय पडलं, आता यंत्रच निबंध लिहायला लागल्यावर मास्तर लोकांनी काय करावं, सगळ्यावर माझ्याकडे मत तयार असतं. आणि ज्या विषयातलं कमी कळतं त्यावर तर मी जास्तच ठाम असतो. असतात ना अशी माणसं तुमच्याही ओळखीत? तोच मी.

माझी भाची पल्लवी हिंगणघाटला ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. बारावीनंतर तिनं फिजिक्स घ्यायचं ठरवलं, तेव्हा मी बहिणीच्या घरी बसून मत दिलं होतं की पोरीला सावंगीला नर्सिंगला घाला, घरापासून जवळ आहे, हाताला काम मिळेल. फिजिक्स शिकून ती काय उजेड विकणार आहे? पोरगी दारातच उभी होती. काही बोलली नाही. फिजिक्स घेतलं, शिकली, नोकरीला लागली. तेव्हापासून मी दुकानात येईल त्याला सांगायचो की आमची भाची प्रोफेसर आहे, आणि तिला पहिल्यापासून माझंच प्रोत्साहन होतं.

तर मागच्या वर्षीच्या मे महिन्यात तिचा फोन आला. दुकानात गर्दी होती, लग्नसराईचे दिवस.

"मामाजी, परवा आपल्याकडे सूर्य बरोबर डोक्यावर येणार हाय. सरळ उभ्या वस्तूची सावलीच पडणार नाई. वर्षातून दोनदाच होते असं, अन् दुसऱ्या खेपेला तर पावसाळी ढग असतात. नक्की पाहजा."

मी विचारलं, किती वाजता? ती म्हणाली, "बारा वाजून…" आणि नेमकं तेव्हाच एका बाईनं परात वाजवून विचारलं की ही चेपणार तर नाही ना. मी परातीची हमी देईपर्यंत पल्लवीचं वाक्य संपलं होतं. पण मला बारा ऐकू आले होते. भर दुपार म्हणजे बारा. त्यात आणखी ऐकायचं काय उरलं?

संध्याकाळी चहाच्या टपरीवर मी ही बातमी अशी सांगितली, जणू सूर्यानं मला विचारूनच तारीख ठरवली. आमचे शेजारी नाना शेतकरी माणूस. आयुष्य उन्हात गेलेलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "मंग सावली जाते कुठी?"

आता याचं उत्तर मला कुठून येणार? मी म्हटलं, विज्ञानात असे प्रश्न विचारत नसतात.

घरी येऊन मी कॉलनीच्या ग्रुपवर लिहिलं की परवा दुपारी ठीक बारा वाजता प्रत्येक माणसाची सावली नाहीशी होणार, सर्वांनी पटांगणात जमावं. बस, एवढंच. दुसऱ्या दिवशी दुपारी गिरडहून माझ्या मेहुण्याचा फोन आला. तो फार गंभीर होता. त्यानं विचारलं की गुरं गोठ्यात बांधून ठेवायची की नाही, कारण त्याला निरोप आला होता की उद्या ज्याची सावली जाईल त्याची ती परत येईलच याचा भरवसा नाही. मी म्हटलं, हा मूर्खपणा कुणी पसरवला? तर तो म्हणाला, निरोपात लिहिलं आहे की ही माहिती बोरगावच्या एका तज्ज्ञानं दिली.

खरं सांगतो, तज्ज्ञ हा शब्द ऐकून माझा राग निम्मा उतरला.

ठरल्या दिवशी दुपारी पटांगणात बरीच माणसं आली. बायका दुपट्टे बांधून, पुरुष ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवून. वर्ध्याचं मे महिन्यातलं ऊन तुम्हाला माहीत नसेल तर एवढंच सांगतो की कुत्रीसुद्धा रस्ता ओलांडायच्या आधी विचार करतात. तशात मी सगळ्यांना छत्र्या मिटायला लावल्या. सावली बघायची तर छत्री कशी चालेल? मग दुकानातून आणलेला सरळ उभट स्टीलचा नवा डबा सिमेंटच्या चौथऱ्यावर ठेवला आणि विज्ञानावर चार शब्द बोललो. शांताकाकू, आमच्या कॉलनीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या, पदर डोक्यावर घेऊन ऐकत होत्या.

बारा वाजले. डब्याची सावली होती तिथेच.

लहान झाली होती, पण होती. पायरीवर बसून राहिलेल्या पाहुण्यासारखी. मी डबा फिरवून बघितला. मग चौथराच वाकडा आहे असं म्हटलं. मग नानांना चौथऱ्यावर उभं केलं, तर त्यांच्या पोटाची सावली त्यांच्या पायांवर पसरलेली. मी म्हटलं, नाना, पोट आत घ्या. बिचाऱ्यांनी घेतलं. तोंड लाल झालं, पण सावली काही हलेना. मागून कुणीतरी म्हणालं की तज्ज्ञांनी स्वतः उभं राहून दाखवावं. लोक हसले.

आणि माझं डोकं फिरलं.

उन्हात मोबाईलचा पडदा दिसत नव्हता म्हणून मी पटांगणाच्या कडेला कडुनिंबाखाली गेलो आणि पल्लवीला फोन लावला. स्पीकर मुद्दाम सुरू केला. चूक माझी नाही हे सगळ्यांना कळायला नको?

"पल्लवी, तुह्या फिजिक्सनं माही अब्रू घालवली."

"मामाजी, किती वाजले तिथं?"

"बारा वाजून गेले. अन् माहेही बारा वाजले."

ती म्हणाली की तिनं बारा नाही, बारा वाजून थोड्या वेळानं असं सांगितलं होतं. घड्याळातले बारा साऱ्या देशाला एकच असतात, सूर्य आपल्या गावावर जरा मागाहून येतो. "तुम्ही फोन ठेवा अन् आधी उन्हात जा," असं ती दोनतीनदा म्हणाली. पण मी ऐकायला फोन केलाच नव्हता, बोलायला केला होता. आजकालचं शिक्षण कसं नुसतं पुस्तकी आहे, यावर माझं जे मत होतं ते मी झाडाखाली उभा राहून पूर्ण दिलं. आणि शेवटी जे बोलायला नको होतं तेही बोललो.

"तरी मी तवाच म्हणत होतो, नर्सिंग घे."

फोनवर एकदम शांतता झाली. आणि गंमत म्हणजे पटांगणातही झाली. मला वाटलं, सगळे माझंच ऐकत आहेत. मी वळून बघितलं, तर माझ्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. सगळी माणसं माना खाली घालून आपापल्या पायांकडे बघत होती. शांताकाकूंनी हात जोडले होते.

मी पळालो. पण माझ्या वयाचा आणि वजनाचा माणूस किती पळणार? मी पोचलो तेव्हा डब्याच्या दुसऱ्या बाजूला केसाएवढी काळी रेघ उमटली होती.

नाना पोट आत घ्यायचं कधीच विसरले होते. ते हळू आवाजात म्हणाले, "गेली होती, मधुभाऊ. डब्याची पुरी गेली होती." शांताकाकू म्हणाल्या, असं वाटलं की डबा तिथे ठेवलेलाच नाही, कुणी तरी काढलेलं चित्र आहे. ज्यानं मघाशी मला तज्ज्ञ म्हणून चिडवलं होतं, तोही टोपी काढून उभा होता.

फोन अजून चालूच होता.

"मामाजी, दिसलं का?"

"नाई."

"काऊन?"

"तुले बोलून राह्यलो होतो."

ती हसली नाही, रागावलीही नाही. आता पुढच्या वर्षी बघा, एवढं म्हणून तिनं फोन ठेवला. गावभर हाका मारून लोक गोळा केले मी, आणि बघायचा राहिलो तोही मीच.

त्या आठवड्यात मला घास गोड लागला नाही. सावलीचं सोडा, पोरीला चार माणसांत बोललो ते टोचत होतं. रविवारी आमच्या वर्ध्याच्या गोरसपाक बिस्किटांचा पुडा घेऊन हिंगणघाटला गेलो आणि तिला म्हटलं की ते नर्सिंगचं बोलणं चुकलं माझं. तिनं पाणी दिलं, चहा दिला आणि मग म्हणाली, "मामाजी, नर्सिंगही चांगलंच असते. तुमाले दोन्हीतलं काई माहीत नव्हतं, ते चुकलं." आता यावर मत काय देणार? मी चहा प्यालो.

या वर्षी मे महिना आला तसं मी ठरवलं की ग्रुपवर लिहायचं नाही, टपरीवर बोलायचं नाही. आपल्या घराच्या गच्चीवर एकट्यानं बघायचं. पल्लवीनं या वेळी बरोबर वेळ लिहूनच पाठवली. बायकोनं गच्चीवर कुरडया आणि पापड वाळत घातले होते, त्यामुळे चपला जिन्यातच काढायच्या असा तिचा हुकूम. वर सिमेंटवर तिनं भिजवलेलं पोतं टाकलं होतं, मी त्यावर उभा राहिलो. समोर तोच डबा. शेजारी पूर्वेच्या कठड्याच्या सावलीत पाखरांसाठी पाण्याचं पसरट मातीचं भांडं.

बारा वाजले. मी गप्प. सावली होती, असू दे म्हटलं.

मग ती आखडायला लागली. कठड्याची सावली, जी सकाळपासून पट्ट्यासारखी पडलेली असते, ती भिंतीकडे सरकत गेली. मातीचं भांडं हळूहळू उन्हात आलं. डब्याजवळची काळी कड बारीक झाली, आणखी बारीक झाली, आणि मी बघता बघता नव्हती. कपड्यांच्या दोरीचे दोन खांब नुसते उभे, पायाशी काही नाही. कठड्याला सावली नाही, पाण्याच्या पाईपला नाही. रोजची माझी गच्ची, पण सगळ्या वस्तूंचं वजनच कुणी काढून घेतल्यासारखी.

मी डब्याजवळ गेलो, खाली वाकलो, चारी बाजूंनी फिरलो. कुठेच काही नाही. तो सूर्य तिकडे किती दूर, आणि इकडे बोरगावात एक डबा, आणि दोघांच्या मधे सरळ रेघ. आणि हे कुणी माझ्यासाठी केलेलं नाही. माझ्या जन्माआधीपासून दर वर्षी होत आलं, मी दुकानात बसून मतं देत होतो तेव्हाही होत होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते उन्हामुळे नव्हतं.

फोन वाजला. पल्लवी होती.

"मामाजी, दिसलं?"

मी नुसतं हं म्हटलं. तिला कळलं असावं, तिनं फोन तसाच चालू ठेवला. बहुतेक तीही तिकडे मुलांबरोबर खालीच बघत होती.

मग डब्याच्या दुसऱ्या बाजूला ती रेघ आली आणि मी भानावर आलो. आणि तेव्हा मला कळलं की मी पोत्यावर नाही, डब्याशेजारी उघड्या सिमेंटवर उभा आहे. अनवाणी. वर्ध्याच्या मे महिन्यात. केव्हापासून, ते देवाला ठाऊक.

पुढचं काय सांगू? खाली कसा आलो आठवत नाही. दोन्ही तळव्यांना हे एवढाले फोड. बायकोनं आणि नानांनी धरून रिक्षात घातलं आणि दवाखान्यात नेलं. तिथली तरुण डॉक्टरीण मलम लावता लावता विचारू लागली की काका, एवढं भाजलं कशानं?

मी म्हटलं, "सावली पाहून राह्यलो होतो."

तिनं एकदा माझ्या पायांकडे बघितलं, एकदा बायकोकडे, आणि अगदी आपुलकीनं म्हणाली, "मग काका, सावलीत नव्हतं का उभं राहायचं?"