सुमे, सोड!

या जगातल्या यच्चयावत माणसांना हाकून जागेवर आणायची जबाबदारी देवाने आपल्यावर टाकली आहे, अशी ठाम समजूत असलेली एकच व्यक्ती मला आयुष्यात भेटली. आणि माझं नशीब असं, की तिच्याच जोडीने मी सहा वर्षं महिला दुहेरीचं बॅडमिंटन खेळले. ती मूळची करमाडची. वडील वर्षातले आठ महिने मेंढरांमागे फिरतीवर, म्हणून शाळेसाठी तिला शहरातल्या लष्करी छावणीत मामाकडे ठेवलेली. मामा तिथल्या बॅडमिंटन हॉलचे राखणदार होते. बड्या लोकांनी टाकून दिलेली, पिसं झडलेली शटलं घेऊन ती भिंतीशी खेळायला शिकली. भिंत वेडंवाकडं परतवते म्हणून ती भिंतीवरही खेकसायची, असं मामा सांगायचे.

दुहेरीत मागच्या खेळाडूने पुढचीला आवाज द्यायचा असतो. बाकीच्या मुली "माझं", "तुझं" एवढंच म्हणत. आमच्या बाईसाहेबांचं संपूर्ण प्रवचन चाले. "सुमे, सोड! सुमे, मागं! आता तिथं कामून उभी हायस, घर बांधायचंय का?" मी म्हणजे कळपातलं सगळ्यात मंद कोकरू, याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती. एकदा जालन्याच्या स्पर्धेत तिने असा काही "सोड!" म्हणून पुकारा केला, की मी शटल सोडलंच, पण तिने ते मागून परतवताच समोरच्या मुलीनेही उगारलेली रॅकेट खाली घेतली आणि दारातून चहा घेऊन येणाऱ्या गृहस्थांनी हातातला ट्रे सोडला. पंचांनी गुण समोरच्यांना दिला आणि हिला तोंड बंद ठेवायला सांगितलं. तिने ठेवलं. आम्ही सलग नऊ गुण गमावले. सामना संपल्यावर ती पंचांना म्हणाली, "मुक्यानं मेंढरं वळत नसतेत, साहेब." मेंढरं म्हणजे कोण, हे विचारायचं धाडस पंचांनी केलं नाही. मला विचारायची गरज नव्हती.

तिची नजर भलतीच होती. समोरची जोडी कोर्टावर आली की ती चेहरे बघायचीच नाही, पाय बघायची. एका सामन्याआधी मला हळूच म्हणाली, "ती उंच हाय ना, तिचा डावा घोटा दुखतोय. लपवायली." मी खूश झाले, म्हटलं आता सगळी शटलं तिच्या डावीकडे टाकू. तर ही माझ्यावरच डाफरली, "आजारी जनावराला पळवत नसतेत, सुमे." आणि खरोखर सामनाभर एकही शटल तिने तिकडे टाकलं नाही. आम्ही अर्थातच हरलो. मी हॉलबाहेर येऊन संतापाने रडत होते आणि ही त्या उंच मुलीला मीठ-हळदीचा लेप कसा लावायचा ते समजावत होती.

तेव्हा शहराच्या चारी बाजूंना कारखाने उभे राहत होते. वाळूजच्या एका कंपनीला खेळाडूंची हौस आली आणि आम्हा दोघींना तिथे हंगामी नोकरी मिळाली. अट अशी, की जोडीने राज्य स्पर्धेची अंतिम फेरी गाठायची, मग कायम करू. माझ्या घरी गंगापूरला शेती होती, काका नोकरीत होते. माझ्या नोकरीवर काही अडून नव्हतं. तिचं मात्र सगळंच अडून होतं. वडिलांचे गुडघे गेले होते आणि महिन्याचा पगार हा प्रकार तिच्या घरात तोवर कोणी पाहिलेला नव्हता.

त्याच वर्षांत विद्यापीठाच्या नामांतराचा वाद पेटलेला. आज बंद, उद्या मोर्चा. एका बंदच्या दिवशी ती करमाडला अडकली. एसटी नाही, जीप नाही. मी निवांत आमच्या शहरातल्या घरी बसले होते. दुपारी दार वाजलं. रॅकेट पाठीला बांधून ही उभी, पायांवर धुळीचे थर. "मी करमाडहून चालत आले, अन् तू हितं कडी लावून बसलीस व्हय?" आईने पोहे दिले. काका नेहमीप्रमाणे नामांतराच्या विरोधात तावातावाने बोलत होते. ती खाता खाता म्हणाली, "काका, तुमच्या शेतात खतासाठी आमची मेंढरं बसवता, तवा आमची जात नाय इचारत. लोक नाव मागायलेत तर द्या की." काका त्यानंतर पोह्यात मीठ कमी आहे एवढंच बोलले.

आणि राज्य स्पर्धेला पाच महिने उरले असताना माझं लग्न ठरलं. मी नाही म्हणाले नाही. म्हणायला हवं होतं, निदान पाच महिने थांबा एवढं तरी. लग्नात ताटभर तांदळावर नवऱ्याने अंगठीने माझं नवं नाव लिहिलं: वसुंधरा. ती ताटाशेजारीच उभी होती. वाकून तिने ते नीट वाचलं आणि माझ्या कानाशी म्हणाली, "ज्यांना नाव पाहिजे त्यांना द्यायचं नाय, अन् जिला नको तिचं बदलायचं. शहाणे हायेत सगळे." माझ्यावर रागावली असेल, तर ते तिने तेवढ्यातच उरकलं.

मग तिने कंपनीतल्याच एका टायपिस्ट मुलीला हाताशी धरलं आणि उरलेले महिने राबवलं. राज्य स्पर्धा आमच्याच शहरात होती. उपांत्य सामन्याला मी माहेरी आलेले, नवऱ्याबरोबर वर गॅलरीत बसले. तिसऱ्या गेममध्ये चौदा-चौदा झालं आणि मला पुढचं बघवेना. ही हरली तर ते माझ्यामुळे, हे मला पक्कं ठाऊक होतं. इतक्यात शटल जाळीजवळ अलगद पडायला लागलं आणि खालून तो आवाज आला, "सुमे, पुढं!" ती टायपिस्ट वाऱ्यासारखी पुढे गेली. आणि मी वर, शालू सावरत, ताडकन उभी राहिले. "वसुंधरा, खाली बस," नवरा म्हणाला. मी बसले नाही. शेवटचे गुण मी उभ्यानेच पाहिले.

त्या जिंकल्या. नोकरी पक्की झाली. खाली गेले तेव्हा ती घाम पुसत चहा पीत होती. मी तिला घट्ट मिठी मारली, हसले, रडले, आणि विचारलं, "अगं, त्या बिचारीला सुमन कशाला म्हणतेस? तिला तिचं नाव आहे ना?"

"नवीन नाव तोंडात बसवायला टाइम कुठं होता?" ती म्हणाली. "तिला सांगितलं, कोर्टावर तू सुमीच." मग बशीत उरलेला चहा तिने माझ्यापुढे केला आणि माझ्याकडे रोखून बघत विचारलं, "ते जाऊ दे. तू वर कामून उभी राहिलीस?"

चहा गार झाला होता. मी तो पिऊन टाकला. इतक्या वर्षांत तिने पुन्हा कधी विचारलं नाही.