कोयरीनानांनी काढलेली वेल

कोयरीनानांनी आयुष्यात कोणाला माफ केल्याचं माझ्या ऐकिवात नाही. सुरतेत पर्वत पाटियाच्या नाक्यावरच्या एका चहावाल्याने त्यांना एकदा तळाचा, गाळ आलेला चहा दिला, तर हा माणूस पुढची अकरा वर्षं रस्त्याच्या समोरच्या कडेने चालला. चालताना टपरीकडे बघायचा मात्र, म्हणजे त्याला कळावं. “बाई, राग काय, कोणालाही येतो. तो सांभाळता आला पाहिजे,” असं मला सांगायचे. मी तेव्हा तिथल्याच एका मराठी शाळेत शिकवत होते. माझा राग दोन दिवसांत विटायचा, म्हणून मला त्यांच्या रागाचं भारी कौतुक.

नाना पारोळ्याकडचे, साड्यांची डिझाइनं काढणारे. नव्वदच्या दशकात बाजारात ज्या छापील साड्या आल्या, त्यांतल्या कितीतरी कोयऱ्या त्यांच्या हातच्या. काचेच्या टेबलाखाली ट्यूबलाइट लावून ते दिवसभर वाकलेले असायचे. कागदाची खालची कड वरच्या कडेला अशी जुळवायची की छाप पुढे पुढे पडत गेला तरी सांधा दिसू नये, यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. साडीवर शिक्का व्यापाऱ्याचा पडतो, काढणाऱ्याचं नाव कुठेच नसतं, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही कधी. मी आपली समजत होते की त्याचं त्यांना काही वाटत नाही.

एकदा एका व्यापाऱ्याने त्यांचा कागद चार लोकांत वर धरून विचारलं, “नाना, आ फूल छे के भिंडा?” नाना घरी आले आणि भेंडीची आडवी चकती कापून तिचं चित्र काढलं. पाच कोपरे, मधे बिया. व्यापाऱ्याला ते नवं फूल वाटलं, त्याने डिझाइन उचललं, आणि साडी तुफान चालली. “त्याची बायको भेंडी नेसून देवळात जाते,” नाना म्हणाले. “पण त्याला कुठे माहीत आहे?” असं मी विचारलं. “मला माहीत आहे ना,” म्हणाले, आणि ब्रश धुवायला लागले.

आमच्या मराठी मंडळाचा हस्तलिखित वार्षिक अंक असायचा. संपादक मी, मजकूर माझ्या अक्षरात, आणि त्या वर्षी मुखपृष्ठापासून शेवटच्या पानापर्यंत चित्रं नानांची. दोन महिने ते मिलचं काम आटोपून अंकाला बसत. सगळे त्यांना कोयरीनानाच म्हणत, त्यामुळे पूर्ण नाव विचारून लिहावं म्हणून मी श्रेयनामावलीत तेवढी जागा कोरी ठेवली होती. तर अध्यक्ष आले. बँकेत साहेब, टक्कल, जाड चष्मा, नाक असं की ते आधी खोलीत शिरे. म्हणाले, “बुट्ट्या काढणाऱ्याचं नाव कसलं घालता? पुण्याहून पाहुणे येणार आहेत. ‘मंडळाचे कलाकार’ लिहा.”

मी लिहिलं. वर ‘संपादक’ म्हणून माझं नाव होतं, ते तसंच राहू दिलं. लाज वाटली, पण तीही दोनच दिवस.

प्रकाशनाला नाना नवा सदरा घालून आले, बायकोला घेऊन. त्यांनी ते पान दोनदा पुढे-मागे केलं. त्या माउलीला वाचता येत नव्हतं. तिने विचारलं, “तुमनं नाव कोठे शे?” नानांनी ‘मंडळाचे कलाकार’वर बोट ठेवलं आणि म्हणाले, “हाई काय.” तिने त्या अक्षरांवरून हात फिरवला. मी तिथे शेजारीच उभी होते.

पुढच्या वर्षी मंडळाच्या बायकांनी हळदीकुंकवाला एकसारख्या साड्या घ्यायचं ठरवलं. डिझाइन कोणाचं, हे कोणी विचारलं नाही. अध्यक्ष भाषणाला उभे राहिले. पहिल्या रांगेत माझ्या शेजारी त्यांच्या पत्नी पदराचं टोक मांडीवर घेऊन बसल्या होत्या. समोरच्याला पदरावर कोयऱ्या दिसत, पण नेसणारीने मान खाली घालून पाहिलं की त्या उलट्या होत. त्यांनी पदराकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, पुन्हा पदराकडे पाहिलं. टक्कल, चष्मा, नाक. बाई जी फसकन हसल्या, ती लागण मागच्या रांगेपर्यंत गेली. चाळीस बायकांच्या मांडीवर अध्यक्ष, आणि व्यासपीठावर एक. त्यांचं भाषण तिथेच संपलं. सगळ्यांत मोठ्याने मी हसले. अस्सा सूड घ्यावा, असं मी नानांना म्हणालेसुद्धा. ते माझ्याकडे बघत राहिले.

माझं लग्न ठरलं, मी नाशिकला निघाले, तेव्हा नाना साडी घेऊन आले. हाताने रंगवलेली, मोरपंखी. “ही बाजारात नाही, बाई. एकच आहे. नेसल्याशिवाय कळायची नाही.” ते गेल्यावर मी पदर उलटा करून माझं नाक शोधलं, हनुवटी शोधली. मी चेहरा शोधत होते, मला नुसती वेल दिसली. चला, सुटलो आपण, असं वाटलं.

वर्षभराने नणंदेच्या लग्नात ती नेसले आणि पदर मांडीवर घेऊन बसले. लोकांना वेलीच्या सरळ आडव्या दांडीवर उभी पानं दिसत होती. मला वरून शिरोरेखा दिसली, आणि तिला लटकलेली अक्षरं. मंडळाचे कलाकार. मंडळाचे कलाकार. या काठापासून त्या काठापर्यंत, सांधा न दिसता. माझाच ‘ळ’, माझाच खाली ओढलेला ‘र’. अक्षता पडेपर्यंत मी मान वर केली नाही.

नानांना मंडळाच्या पत्त्यावर, ‘कोयरीनाना’ एवढंच नाव घालून, पत्र लिहिलं. चार पानं माफी मागितली. उत्तराला पोस्टकार्ड आलं, दोन ओळींचं: “वाचता आलं ना? अक्षर तुमचंच आहे.” खाली उरलेल्या सगळ्या जागेत, ठळक ब्रशने, सही होती. मोतीराम दगडू सोनवणे. दोन महिने शेजारी बसून ज्यांच्याबरोबर अंक केला, त्यांचं नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं.