दगडाच्या मागची खोली

सैन्यात मी अठरा वर्षं काढली, त्यातली बरीचशी वाळूत खेळण्यात गेली. पेट्रोल, म्हणजे गस्तीची तुकडी, निघण्याआधी किंवा नवी तुकडी येण्याआधी त्या मुलखाची लहान प्रतिकृती जमिनीवर मांडतात. तिला सँड मॉडेल म्हणतात. नकाशा प्रत्येकाला वाचता येतोच असं नाही, पण डोंगर समोर मांडला की लंगरच्या स्वयंपाक्यालाही कळतं, कुठून जायचं. बटालियनमध्ये हे काम माझ्याकडे असायचं, कारण मी लालबागचा. भरती होण्याआधी गणपतीचे देखावे करायचो. भुशाला हिरवा रंग, नाल्याला निळा दोरा, बर्फाला कापूस. हात सरावलेला होता.

त्या वर्षी आमची कंपनी उत्तरेला, बर्फात होती. वरच्या पोस्टचं मॉडेल मी बेसवर केलं. पोस्टवर एक मोठा उभा दगड आणि त्याच्या मागे स्टोअरची खोली. समोर बसणाऱ्यांना ती खोली दिसेना. लालबागमध्ये उस्तादांनी शिकवलं होतं, रांगेतल्या शेवटच्या माणसालाही सगळं दिसलं पाहिजे. मी खोली दोन बोटं उजवीकडे सरकवली. साहेब म्हणाले, "वेल डन, परब." ती दोन बोटं म्हणजे जमिनीवर वीस पावलं. ब्रीफिंग झाल्यावर जागेवर ठेवीन म्हटलं आणि विसरलो.

महिन्याभराने मी त्याच पोस्टवर होतो. सोबत नाईक संतोष सावंत, काळाचौकीचा, मूळचा मालवणकडचा. एरवी शिस्तीचा, पण आम्ही दोघेच असलो की मला दादा म्हणायचा आणि मालवणीत थट्टा करायचा. त्या सकाळी बाकीचे पेट्रोलवर पलीकडच्या धारेला गेले होते. नऊ चाळीसला आम्ही स्टोअरमध्ये रॉकेलचे डबे मोजत होतो. हिमकडा कोसळला. आवाज नंतर ऐकू आला, आधी अंधार झाला.

छपराची तुळई सावंतच्या छातीवर आडवी पडली होती. माझे पाय डब्यांखाली अडकले होते. त्याच्यात आणि माझ्यात दोन हात अंतर होतं, आणि ते मला ओलांडता येत नव्हतं. रेडिओ सेट हाताला लागला. बॅटरी इतकी उतरली होती की ऐकू यायचं, पण बोलायचं बटण दाबलं की सेट बंद पडायचा.

दहा पन्नासला सेटवर आवाज आला. बेसवरून रेस्क्यू पार्टी पोचली होती. मुलं दुसऱ्या कंपनीची, नवी. त्यांनी पोस्ट कधी पाहिली नव्हती, मॉडेल पाहिलं होतं.

"रॉक दिसतोय. मॉडेलप्रमाणे उजवीकडे वीस पावलं. खोदतोय. ओव्हर."

मी बटण दाबलं. सेट मेला. पुन्हा चालू केला. ते खोदत होते. मी ओरडलो, तर आवाज माझ्याच तोंडावर परत आला. भीती मला पुष्कळदा वाटली आहे, पण स्वतःची इतकी लाज त्याआधी कधी वाटली नव्हती. करायला गेलो गणपती, झाला मारुती.

सावंतने सगळं ऐकलं होतं. मॉडेल कोणाचं, हे त्याला ठाऊक होतं. थोड्या वेळाने तो म्हणाला, "दादा, देखावो झकास केलंस हां."

त्यानंतर तो बोलला नाही. मी हाताला लागलेला पाना घेऊन बुखारीच्या, म्हणजे खोली तापवायच्या शेगडीच्या, पाइपावर ठोकत राहिलो. साडेअकराला सेटवर कोणीतरी म्हणालं, "आवाज दगडामागून येतोय." बारा दहाला उजेड दिसला. सावंत गेला होता. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी काढला असता तर वाचला असता की नाही, सांगता येत नाही. चौकशीत मॉडेलबद्दल कोणी विचारलं नाही. मीही बोललो नाही.

यंदा काळाचौकीच्या त्याच्या मंडळाने सावंतवर देखावा करायचं ठरवलं आणि बोलावलं मलाच. नाही म्हणायला तोंड नव्हतं. मांडवात थर्मोकोलचा दगड उभा केला, मागे खोली ठेवली. सेक्रेटरी म्हणाले, खोली पुढे घ्या, पब्लिकला दिसत नाही. मी हातातली सुरी खाली ठेवली. सावंतची आई खुर्चीवर बसून काम बघत होती. तिला सगळं सांगितलं. दोन बोटं, वीस पावलं, सेट, सगळं.

ती उठून दगडाला वळसा घालून खोलीपाशी गेली.

"तो हय होतो?"

"हो, काकी."

"एकटो?"

"मी होतो. दोन हातांवर."

"तो काय बोललो?"

मी ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं. तिचे ओठ हलले. हसली की रडली, मला कळलं नाही.

"तो तसोच होतो," ती म्हणाली. मला माफ केलं, असं ती म्हणाली नाही. मीही माफी मागितली नाही. सेक्रेटरींना मात्र तिने बजावलं, "खोली थंयच ऱ्हवांदे."

दहाही दिवस ती दगडामागे खुर्ची टाकून बसली. लोक समोरून बघून पुढे निघाले की हाक मारायची, हयसून बघा. लोक वळसा घालून यायचे, वाकून आत बघायचे. आत कापसाखाली दोन बाहुले होते. एक मी. दुसरा नाईक संतोष सावंत.