मार्गशीर्षातली वीणा आणि मोघेकाकांचा गुडघा

दर गुरुवारी शेजारच्या वैशालीच्या बेसमेंटमध्ये भजन असतं. माणसं येतात बारा, पण दारात बूट चोवीस! किस्स्यांचंही तसंच. घडतो एक आणि घरी जाताना जोडी होऊन जातो. त्यात मी भिंतीपलीकडची, आणि माझ्या खिडकीतून त्यांचा ड्राइव्हवे अख्खा दिसतो. किस्से साठणार नाहीत तर काय!

*

वैशालीचे वडील, आबा, बीडकडून इकडे परदेशात आले तेव्हा एअरपोर्टवर मीही गेले होते. बोलावलं कुणी नव्हतं, पण गाडीत जागा होती.

आबा दीड तास बाहेरच येईनात. वैशाली रडकुंडीला आली. झालं असं, की आतल्या ऑफिसरने त्यांच्या लांबलचक खोक्याकडे बोट दाखवून विचारलं, "यात भाजीपाला आहे का?" तिथल्याच एका पंजाबी पोराने हिंदीत समजावलं. आबा म्हणाले, "भोपळा आहे."

झालं! चार माणसं गोळा झाली. खोकं उघडलं तर वीणा. भोपळा होता, पण आबांच्या वडिलांच्या वेळचा, खडखडीत वाळलेला.

"आबा, भोपळा कशाला म्हणालात?"

"मग काय, देवाचं वाद्य हातात घेऊन खोटं बोलू?"

*

एका गुरुवारी भजन रंगात आलं आणि दारावर थापा. सगळे गप्प. मोघेकाका कुजबुजले, "कम्प्लेंट आली!" मोघेकाका आमच्यातले जाणकार, रिटायर्ड इंजिनियर. परंपरा त्यांना पाठ. फक्त गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून वाकता येत नाही, म्हणून वैशालीची दहा वर्षांची इरा दर वेळी त्यांच्या बुटांची लेस बांधते.

दारात पलीकडच्या घरातले करीमभाई. ट्रक चालवतात, गाव खुलताबाद. मी ब्लाइंड्समधून त्यांना रोज बघते, पण बोलणं कधी झालं नव्हतं. चेहरा असा, की वैशालीने आधीच "सॉरी, सॉरी" सुरू केलं.

"सॉरी कशाला? ढोलकी उतरलीय तुमची. तीन गुरुवार सहन करतोय!"

आत आले, ढोलकी चढवली, आणि उठलेच नाहीत. आजोबा दर्ग्यावर कव्वाली गायचे त्यांचे.

*

इराला शाळेत प्रोजेक्ट मिळालं, मध्ययुगातले संत आणि सूफी. तिने कागदाचे दोन कॉलम केले आणि आबांना एकीकडे, करीमभाईंना दुसरीकडे बसवून प्रश्न विचारले. नाव घेत राहायचं? दोन्हीकडे हो. लोकांच्या भाषेत गायचं? हो. जेवायला कुणालाही बसवायचं? हो. मोठ्यांच्या पायाला हात लावायचा? करीमभाई म्हणाले, "पीराच्या लावतात की आमच्यात!"

संध्याकाळी पोरगी तोंड पाडून बसली. "मॉम, आय फरगॉट टू राइट द हेडिंग्ज. नाऊ व्हिच वन इज व्हिच?"

आबा पोट धरून हसले. मोघेकाका नाही हसले. "वरवर सारखं दिसतं. करीमभाईंनी ढोलकी वाजवावी, पण वीणेला हात लावू नये."

करीमभाई ढोलकीच्या दोऱ्या ओढत राहिले. मला मात्र चहा गोड लागेना.

*

मग वैशालीच्या आईची, म्हणजे इराच्या आजींची, पुण्यतिथी आली. आजी गेल्यापासून आबा दर मार्गशीर्षात तो एक दिवस सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत वीणा गळ्यात ठेवतात. ती उभ्यानेच धरायची, खाली टेकवायची नाही. दमलं की दुसऱ्याच्या गळ्यात द्यायची, आणि देणाऱ्याने घेणाऱ्याच्या, घेणाऱ्याने देणाऱ्याच्या पाया पडायचं. लहान-मोठा बघायचा नाही.

"गावात एकदाही टेकली नाही," आबा म्हणाले. "इथं टेकली तर मी परत जाईन. बायकोचा नेम इथं चालत नाही असं समजेन." गावी कुलूप लावलेलं घर, आणि आबांना बीपी! वैशालीचा चेहरा उतरला.

त्या दिवशी नेमका फ्रीझिंग रेन, पडता पडता रस्त्यावर बर्फ होणारा पाऊस. गुरुवारचे एकेक जण फोन करून गळाले; करीमभाई तेवढे शेजारचे, म्हणून ढोलकीवर हजर. हॅमिल्टनहून येणारं जोडपं ४०३ हायवेवर अडकलं, गाडी कडेला घसरलेली. सकाळचा पहारा आबांचा, दुपारचा वैशालीचा. मग मोघेकाकांच्या गळ्यात वीणा दिली, गुडघ्यामुळे त्यांनी वाकायच्याऐवजी नुसते हात जोडले, आणि वैशाली त्या दोघांना आणायला निघाली. ती गेली आणि फोन लागेना. आबा पुन्हा उभे राहायला गेले, तर डोळ्यांपुढे अंधारी. त्यांना सोफ्यावर आडवं केलं. माझा खांदा फ्रोझन, हात वर जात नाही. इरापेक्षा वीणा उंच.

सूर्य मावळायला वीस मिनिटं राहिली आणि मोघेकाकांचा गुडघा थरथरायला लागला. मी खुर्ची सरकवली.

"बसायचं नसतं!" ते ओरडले. घामाने शर्ट ओला. वीणा खाली घसरत होती. सोफ्यावरून आबांचे डोळे तिच्यावरून हलेनात.

मोघेकाकांनी माझ्याकडे पाहिलं, इराकडे पाहिलं. मग ढोलकीकडे.

"करीमभाई, या."

करीमभाई जागचे हलले नाहीत. "नक्की?"

"लवकर!"

"एक मिनिट. हातपाय धुऊन येतो."

तेवढं लांब मिनिट मी आयुष्यात पाहिलं नाही! वर नळ चालू, खाली मोघेकाकांचे ओठ पांढरे. ओल्या हातांनी करीमभाई धावत उतरले, गळ्यात वीणा घेतली आणि वाकून मोघेकाकांच्या पायाला हात लावला. वीणा सरळ झाली. तार वाजली.

आता मोघेकाकांची पाळी. मी म्हटलं, "काका, राहू दे, गुडघा..."

ते वाकले. भिंत धरून, दात खाऊन वाकले, करीमभाईंच्या पायांवर डोकं टेकवलं आणि तिथेच बसले. उठताच येईना!

करीमभाई घाबरले, हात द्यायला पुढे झुकले.

"वीणा सोडू नको!" खालून मोघेकाका खेकसले.

खिडकीत अजून उजेड होता. सोफ्यावरून आबा म्हणाले, "मोघे, बसलाच आहात तर टाळ घ्या."